ऑप्टिमायझरच्या रूलला सेशन कुठून दिसतं?

आज दिवसभर डोक्यात एकच विषय: क्वेरी ऑप्टिमायझरच्या रूलमध्ये सेशनची सेटिंग्ज वाचायची कशी? ऑप्टिमायझर म्हणजे क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ती चालवायची योजना, सुधारणारा डेटाबेसचा भाग; रूल म्हणजे त्यातला एकेक नियम; आणि सेशन म्हणजे एका वापरकर्त्याची डेटाबेसशी चालू असलेली जोडणी.

ट्रिनो या क्वेरी इंजिनमध्ये सोपं आहे. रूलला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्येच सेशन असतं. स्पार्क या डेटा इंजिनच्या रूलमध्ये नुसतं ‘कॉन्फ’ (सेटिंग्ज) लिहिलं की भागतं, पण ते मूल्य चालू थ्रेडच्या सेशनवरून येतं, सिग्नेचरमध्ये, म्हणजे रूलला काय काय दिलं जातं त्या यादीत, कुठेच दिसत नाही. मला ट्रिनोची पद्धत जास्त पटते. रूल कशावर अवलंबून आहे ते उघड दिसतं, टेस्टमध्ये हवं ते सेशन देता येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर टाइमझोनसाठी! ‘२०२४-०१-०१ ००:००’ ही स्ट्रिंग (मजकूर) सेशनच्या टाइमझोननुसार टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे नेमक्या क्षणात, बदलून रूलने प्लॅनमध्येच गोठवली, तर यूटीसी आणि टोकियोच्या सेशनमध्ये ९ तासांचा फरक पडतो. झोन चुकीचा धरला तर एरर येतच नाही, क्वेरी निमूटपणे चुकीच्या ओळी देते. हे मला फार धोक्याचं वाटतं. प्लॅन कॅश होत असेल, म्हणजे पुन्हा वापरायला साठवला जात असेल, तर आणखीच. दुसऱ्याच्या सेशनचा प्लॅन आपल्याला मिळायचा. त्यामुळे साठवलेला प्लॅन ज्यावरून शोधतात त्या कॅशच्या ‘की’मध्ये टाइमझोन हवाच, किंवा पोस्टग्रेस डेटाबेसचा प्लॅनर ‘स्टेबल’ फंक्शन्स (ज्यांचं उत्तर एका क्वेरीपुरतं तेच राहतं, पण क्वेरीगणिक बदलू शकतं) आधीच मोजून गोठवत नाही, तसं तरी करावं. उद्या टीमसमोर हेच मांडणार आहे.