टेस्टर म्हणतोय सगळं ओके

गेल्या आठवड्यातलं काम आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

तक्रार नेहमीचीच, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही वायरमन लोक याचं निदान फोनवरच करून टाकतो, सॉकेटला अर्थिंग नसणार. मशीनच्या आत विजेतले अडथळे गाळणारा फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर निघून जातो, नसेल तर बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट नुसते तरंगत राहतात आणि हाताला मुंग्या येतात. त्रास होतो पण सहसा त्याने कोणी जात नाही. मीही तेच धरून गेलो.

काकांनी दारातच सांगितलं, सॉकेट मी स्वतः बसवलाय, गाइड वाचून, आणि चेकही केलाय. चेक म्हणजे ते तीन दिव्यांचं टेस्टर असतं ना, सॉकेटमध्ये खुपसायचं, दोन दिवे लागले आणि तिसरा बंद राहिला की फेज (वीज आणणारी वायर), न्यूट्रल (परत नेणारी), अर्थिंग सगळं जागेवर. मी माझं लावलं. दोन लागले, तिसरा बंद. काका काकूंकडे बघून म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." काकू म्हणाल्या, "मग मी काय खोटं बोलते? चप्पल घातल्याशिवाय कपडे काढत नाही मी आता."

खरं सांगतो, मी निघालोच होतो, पुढे अजून दोन कामं होती. पण अर्थिंग आहे तर मुंग्या कशा, हे काही जुळेना. मशीनच्या मागच्या स्क्रूला पेचकस टेस्टर लावला, तर लख्ख. आता हा टेस्टर तरंगत्या व्होल्टेजलाही पेटतो, त्यामुळे माझा त्याच्यावर फारसा भरवसा नाही. माझा भरवसा टेस्ट लॅम्पवर. एक होल्डर, दोन वायरी आणि 60 वॅटचा साधा बल्ब, हल्लीची पोरं हसतात बघून. पण फिल्टरमधून आलेल्या करंटवर हा बल्ब पेटूच शकत नाही, त्याला पाव अँपिअर लागतो. मेन बोर्डातल्या अर्थपासून लांब वायर ओढत आणली, एक टोक तिला, दुसरं मशीनच्या स्क्रूला. बल्ब फुल पेटला. म्हणजे पूर्ण 230 व्होल्ट बॉडीवर. काकांना म्हटलं सॉकेटचं बटण बंद करा. त्यांनी केलं. बल्ब तसाच.

मी आधी मेन पाडला, मग बोललो.

सॉकेट उघडला तर आतलं काम बघून मला लाजच वाटली, कारण ते माझ्यापेक्षा नीट होतं. वायरी मापात सोललेल्या, तांब्याची एक तार बाहेर डोकावत नाही, स्क्रू घट्ट. आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला दोन इंचाचा हिरवा जंपर, म्हणजे जोडवायरीचा तुकडा, व्यवस्थित वळवून घातलेला.

जुन्या वायरिंगमधून दोनच वायरी येत होत्या, लाल आणि काळी. आमच्या सवयीने लाल फेज, काळी न्यूट्रल. काकांच्या गाइडमध्ये लिहिलेलं, काळी वायर म्हणजे फेज. ते अमेरिकेत बरोबर आहे, तिथे काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. ब्रिटनमध्ये काळी न्यूट्रल होती, 2004 मध्ये नवे रंग आले, 2006 पासून ते सक्तीचे झाले, आता तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. ज्याने गाइड उतरवलं त्याने बहुतेक पेचकस कधी हातात धरला नसावा, रंग जसेच्या तसे उचलले आणि कुठल्या देशाचे ते सांगायचं राहिलं. झालं, काळी फेजच्या जागी आणि लाल न्यूट्रलच्या जागी. एवढंच असतं तर अर्थिंग नाही एवढं तरी टेस्टरने लगेच दाखवलं असतं. पण त्याच गाइडमध्ये खाली टीप, अर्थिंगची वायर नसेल तर अर्थ न्यूट्रलला जोडा. काकांनी जोडली, आणि त्यांचा न्यूट्रल म्हणजे खरा फेज. बटण तोडतं ती काळी, म्हणजे खरा न्यूट्रल, फेज तर जंपरमधून कायम बॉडीवर. टेस्टर बिचारं फक्त एका भोकाचा दुसऱ्याशी फरक बघतं, जमिनीशी त्याला देणंघेणं नाही. एका चुकीने दुसरी झाकली.

बोर्डात ईएलसीबी (करंट जमिनीकडे गळाला की लाइन तोडणारा स्विच) नव्हता, नुसता 16 अँपिअरचा एमसीबी, जो जास्त लोड किंवा शॉर्ट झाला तरच पडतो. माणूस दगावायला अँपिअरचा विसावा भाग पुरतो, एमसीबीला तो कळतही नाही. मधे होती ती काकूंची रबरी चप्पल.

वायरी सरळ केल्या, मेनपासून खरी अर्थची वायर आणली, 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवला. काका गप्प होते. एकदाच म्हणाले, "मी तर दोनदा वाचून केलं होतं." यावर काय बोलायचं? त्यांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त काळजी घेतली होती. चेकसुद्धा केलं होतं.

ती जंपरची टीप वाचून गाइडवाल्याला मनात शिव्या घातल्या, पण घरी जाताना आठवलं की शिकाऊ असताना माझ्या उस्तादाने मला हेच शिकवलं होतं. अर्थ नाही? मार लूप. आणि मी मारले. वायरी सरळ असतील तर वर्षानुवर्षं काही होत नाही, पण मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला की मशीनमधून फिरून आलेला फेज थेट बॉडीवर.

आतापर्यंत सात घरं आठवलीत. दोन ठिकाणी जाऊन जंपर काढून आलो. तिसऱ्या ठिकाणी दारातूनच विचारलं, इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला बोर्ड उघडताय?