सड्यावरचं गवत आणि सरासरीचा पाऊस

'कोकणात कसला आलाय दुष्काळ?' घाटावरच्या नातेवाइकांचा हा प्रश्न मी आता हसून सोडून देते. पण आमच्या सड्याची गोष्ट सांगायलाच हवी.

देवगड तालुक्यात आमच्या वाडीच्या वर जांभ्याचा सपाट कातळ पसरलाय, तोच आमचा सडा. कुठे चार बोटं माती, कुठे तीही नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. वाडीची गुरं मात्र त्याच्याच जिवावर जगतात, आंब्याच्या अढीला लागणारं गवतही तिथूनच येतं.

हवामान खात्याच्या हिशेबात पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पडला तरी 'सामान्य'च. दुष्काळ मोजायला जगभर वापरतात तो एसपीआय (प्रमाणित पर्जन्य निर्देशांक) हा 1993 सालचा निर्देशांक. तोही महिन्याची, तीन महिन्यांची बेरीजच बघतो. बेरजेत उघडीप दिसत नाही! चार दिवस धो धो कोसळला, परे (ओढे) खाडीला मिळाले आणि पुढचे दोन आठवडे कोरडे गेले, तरी महिन्याचा आकडा झकास. गेल्या श्रावणात शेजारचे तात्या म्हणाले, "पाऊस तुझ्या मापात पडलो गो, गवताच्या वाट्याक खंय इलो?"

माझा ढोबळ हिशेब असा: चार बोटं मातीत गवताच्या कामाचं पाणी राहतं जेमतेम 10 मिलिमीटर. कडक ऊन पडलं की रोज 4 मिलिमीटर उडून जातं. म्हणजे तिसऱ्या दिवशी गवत उपाशी. वर 100 मिलिमीटर ओतला काय नि 300 काय, कातळ जास्तीचं धरून ठेवत नाही.

म्हणून मी लोखंडी गज घेऊन सड्यावर फिरते. खुपसला की कुठे खट्कन कातळ लागतो, कुठे वीतभर आत जातो. खोलगट जागेतलं गवत हिरवं असतानाच हातभर अंतरावरचं कडेचं गवत शेंड्याकडून तांबूस व्हायला लागतं. त्याच्याही आधी सीतेची आसवं ही इवली रानफुलं माना टाकतात. उपग्रहाच्या चित्रात हे सापडणं कठीण. 10 मीटरच्या एका चौकोनात कातळ, डबकं, गवत सगळं एकत्र येतं, शिवाय पावसाळ्यात वर ढग.

उघडीप कधी येते तेही बघावं लागतं. सड्यावरचं बरंचसं गवत एका वर्षाचं, बियांवर जगणारं. मृगाच्या सरीनंतर ताण पडला तर कोंब जळतात, पण राहिलेलं बी पुन्हा रुजू शकतं. फुलोऱ्यात ताण पडला तर बीच कमी धरतं, आणि तो फटका पुढच्या वर्षी बसतो. तालुक्याच्या आकड्याशेजारी 'सलग किती दिवस कोरडे' एवढा एक रकाना द्यायला काय हरकत आहे? दिवसाला 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला की तो पावसाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे मोजायचं साधनही हातात आहे.

तोवर मघा नक्षत्रात कडा तांबूस दिसल्या की मी भाताचा पेंढा आगाऊ सांगून ठेवते. मार्गशीर्षात विचारायला गेलं तर तो बागायतदारांनी उचललेला असतो.