सिग्नलच्या कॅमेऱ्याने पाठवलेले चलान: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मोबाइलवर संदेश आला की, माझ्या गाडीने लाल दिवा असताना सिग्नल ओलांडला असून पाचशे रुपये दंड झाला आहे. दुवा उघडून पाहिला, तर गाडी माझीच होती, नंबर स्पष्ट होता, पुढची चाके झेब्रा पट्ट्यांवर होती आणि दिवाही लालच होता.

तो प्रसंग मला नीट आठवत होता. मागून सायरन ऐकू आला, आरशात ‘रुग्णवाहिका’ ही उलटी रंगवलेली अक्षरे सरळ वाचता आली, आणि बाजूला सरकायला जागाच नसल्यामुळे मी थांबरेषा ओलांडून गाडी पुढे डावीकडे नेऊन उभी केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ई सांगते की, रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे जागेवर थांबले असते तरी गुन्हाच होता.

चलान क्रमांक घालून ऑनलाइन तक्रार केली, पण बरेच दिवस ती ‘प्रलंबित’ दिसत राहिली, म्हणून मी वाहतूक शाखेत गेले. तिथल्या हवालदारांनी समजुतीच्या स्वरात सांगितले, “मॅडम, पाचशेच तर आहेत. लोकअदालतीत आणखी कमी होतील.” त्यांचा सल्ला व्यवहाराचा होता, पण मला तो पटला नाही. आज मी गुपचूप पैसे भरले, तर पुढच्या वेळी सायरन ऐकल्यावर माझा पाय क्षणभर ब्रेकवरच राहील, आणि तो क्षण मागच्या गाडीतल्या रुग्णाचा असेल.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला नियम १६७-अ या कामी उपयोगी पडला. त्यानुसार गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत कॅमेऱ्याची नोंद जपून ठेवावी लागते. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, नियमाचा उल्लेख केला आणि छायाचित्राच्या आधीचे व नंतरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण तपासण्याची विनंती केली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती घेतल्याशिवाय कोणीही परतू नये.

तिसऱ्या खेपेला अधिकाऱ्यांनी चित्रण माझ्यासमोर लावले. नंबरपट्टी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने फक्त माझी गाडी टिपली होती, मात्र संपूर्ण चौक दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात मी सरकल्यावर मोकळ्या झालेल्या जागेतून पांढरी रुग्णवाहिका निळा दिवा फिरवत जाताना दिसली. अधिकारी म्हणाले, “यंत्राला रेषा कळते, मॅडम, कारण कळत नाही.” त्यांनी तिथेच शेरा लिहिला आणि दोन दिवसांनी चलान रद्द झाले.

सिग्नलवर कॅमेरे असावेतच, असे मी आजही आग्रहाने म्हणते, कारण त्याच चौकातून शाळेची मुले रस्ता ओलांडतात आणि कॅमेरे बसल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर दुचाकीस्वार रेषेमागे थांबू लागले आहेत. आक्षेप इतकाच आहे की, एका छायाचित्रावर दंड ठरतो आणि सगळा प्रसंग दाखवणारे चित्रण मात्र मागितल्यावरच उघडले जाते. चलान पाठवण्यापूर्वीच ते पाहिले जावे, असा दुसरा अर्ज मी त्याच दिवशी दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून यायचे आहे.