आमच्या उसाच्या शेतावर राहायला आलेली माणसं : माझा अनुभव

शहरातली अनोळखी माणसं आपल्या घरी येऊन राहणार, रोज शेतात राबणार आणि एका रुपयाची देवघेव न होता परत जाणार, हे आमच्या मामंजींना काही केल्या पटेना. "राबवून घ्याचं आन् पैसं द्याचं न्हाईत? लोकं काय म्हंतील?" त्यांचा प्रश्न खरा होता, म्हणून तो मी गंभीरपणे घेतला. पैऱ्यानं लावणी आमच्या गावाला माहीत आहे. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. इथं परतफेड म्हणजे दोन वेळचं जेवण, झोपायला जागा आणि शेती शिकायची संधी. जगात ही रीत 'वूफ' (WWOOF) या नावानं ओळखली जाते. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंनी काही जणांना शनिवार-रविवारी ससेक्समधल्या एका शेतावर नेलं, तिथून ती पसरली. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बाकी वेळ पाहुण्याचा.

आमचं शेत पन्हाळा तालुक्यात, कासारीच्या खोऱ्यात आहे. ऊस, थोडं भात, परड्यात भाजीपाला. रासायनिक खत कधीच बंद केलं, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला पेटवत नाही. 'वूफ'कडं यजमान म्हणून नाव नोंदवायला शेताची माहिती आणि राहण्याची सोय लिहून द्यावी लागते. ती मी एका संध्याकाळी लिहिली. वेळ गेला तो कायदा समजून घेण्यात.

परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, मग घर शेतकऱ्याचं का असेना. त्याहून महत्त्वाचं व्हिसाचं. ई-टूरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त महिनाभर सेवाभावी काम चालतं, पण त्याच्या बदल्यात कसलाही मोबदला नसावा अशी अट आहे. राहणं-जेवण हा मोबदलाच धरला तर? ते कोडं मला सुटलं नाही, आणि पाहुण्याला अडचणीत टाकायचं नव्हतं. म्हणून आम्ही फक्त भारतातल्याच लोकांना बोलवायचं ठरवलं.

दुसरा निर्णय माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. आमच्या रानात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, वाडीतल्या बायका येतात आणि त्या रोजगारावर त्यांचं घर चालतं. फुकटचे हात मिळाले म्हणून त्यांना "उद्या येऊ नका" म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं. सेंद्रिय शेतीत तणनाशक नसल्यानं भांगलण जास्त, म्हणजे रोजगारही जास्त. तो त्यांचाच राहिला पाहिजे. पाहुण्यानं त्यांच्या शेजारी बसून खुरपं धरायला शिकावं, पण त्यांची जागा घेऊ नये. हे मी प्रत्येकाला येण्याआधी फोनवर सांगते. कामाचे तास, सुट्टीचा वार, मांसाहार कधी असतो, संडास-बाथरूम कुठं आहे, हेही सांगते. मुली एकट्या येणार असतील तर माझ्याच खोलीशेजारची खोली देते आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलते.

मग पाहुण्यांना काम कोणतं? जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं पातळ खत, बनवणं. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. गांडूळखताचे बेड, सऱ्यांत पाचट पसरणं, बियाणं निवडणं. उसात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतोच, पाला कापतो आणि पाल्याची बारीक कूस अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते.

गुऱ्हाळाच्या दिवसांत मात्र सगळे तिथंच. रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, काहिलीजवळ, मी पाहुण्यांना फिरकू देत नाही. उकळता रस अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. पण रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची, ते चिकट पाणी रसात गेलं की मळी वर येते, गूळ बनवणारा गुळव्या ती झाऱ्यानं काढतो, हे त्यांनी लांबून पाहावं असं मला मनापासून वाटतं. बाजारातला पिवळाधमक गूळ पुष्कळदा हायड्रॉस नावाच्या रासायनिक पावडरीनं तसा झालेला असतो. आमचा काळसर निघतो, आणि अडतीवर रंग बघून भाव कमी मिळतो. पुण्याहून आलेली एक मुलगी, पेशानं आर्किटेक्ट, दिवसभर काहिलीखालच्या चुलवाणात जाळायला उसाची चिपाडं वाळत घालत होती. रंगाचं हे कारण कळल्यावर तिनं मैत्रिणींना सांगून थेट आमच्याकडून ढेपा न्यायला सुरुवात केली. अडत्याच्या भावापेक्षा बरा भाव पडला.

मामंजी आता स्वतःच पाहुण्यांना उसाला पाणी कसं पाजायचं ते शिकवतात. रात्रपाळीची वीज असली की बॅटरी घेऊन त्यांना मोटरीपर्यंत न्यायचे. ते मी बंद केलंय, कारण रात्री उसात सापाची भीती असते आणि परक्याच्या लेकराची जबाबदारी आपली.

कुणाला कोल्हापूरकडं असं यायचं असेल तर दिवाळीनंतर या. पावसाळ्यात इथं चिखल आणि पुराचं पाणी, नवख्याला काम कमी आणि हाल जास्त. फोनवर यजमानाला एवढं जरूर विचारा : मी नसतो तर हे काम कोण करतं, आणि त्याला रोजगार मिळतो का?