तुम्ही विचारलंत म्हणून: रानात एकटीला भीती वाटत नाही का?

वाटते. दरवेळी वाटते. इतकी वर्षं मी "सवय झालीय" म्हणून विषय बदलत आले, आणि विचारणारे पुढचं विचारतच राहिले. जनावर आलं तर? मग जरा आवाज खाली आणून, माणूस आला तर? एकदाच सगळं लिहून ठेवते.

जनावरांचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. त्यांचे नियम माहीत आहेत आणि ते पाळता येतात. अस्वलांच्या मुलखात चूल आणि खाण्याची पिशवी तंबूपासून निदान ९० मीटर लांब ठेवायची. वारा तंबूकडून चुलीकडे जाईल, अशी जागा पाहायची. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं क्रीम, सगळं त्या पिशवीतच. मगरींच्या नदीवर तंबू पाण्यापासून ५० मीटर आत आणि पाणी जास्तीत जास्त चढतं त्या रेषेच्या २ मीटर वर असावा, असं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं सरकार सांगतं. शिवाय पाणी भरायला रोज एकाच जागी जायचं नाही, कारण मगर तुमची ये-जा हेरून ठेवते. मण्यार झोपेतल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा ते कळतही नाही, म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही. तंबूची चेन पूर्ण बंद, बूट आत. सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरी सापाबद्दल मला कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाघ आणि अस्वलच ऐकायचं असतं.

आणि पाळी. रक्ताच्या वासाने अस्वल येतं का, हा प्रश्न बायका विचारतात, कधीकधी त्यांचे नवरेही. १२-१३ ऑगस्ट १९६७ च्या मधल्या रात्री अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तरुण मुलींना ग्रिझली अस्वलांनी मारलं. ती अस्वलं माणसांचा कचरा आणि खरकटं खायला सोकावली होती. तरीही चर्चा मुलींच्या पाळीची झाली. पुढे १९९१ साली काळ्या अस्वलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अस्वलांनी त्या वासाकडे जवळजवळ लक्षच दिलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या ध्रुवीय अस्वलांनी मात्र प्रयोगात रस दाखवला होता, हेही खरं. वापरलेले पॅड मी घट्ट बांधून त्याच लांबच्या पिशवीत ठेवते आणि परत आणते. याहून जास्त काही नाही. कचरा टाकला कुणी आणि दोष गेला कुणावर, याचा राग मात्र मला अजून येतो.

आता माणसं. पूर्वी मी मोठ्या आवेशात सांगायचे की रानात जनावर परवडलं, माणूस नको. टाळ्या मिळायच्या. हे वाक्य मी आता म्हणत नाही. वाट चुकले तेव्हा मेंढपाळांनी मला वाटेला लावलंय, ताप भरला तेव्हा लाकडं गोळा करायला आलेल्या बायका जवळ बसून राहिल्यात. त्यांच्या घराशेजारी जाऊन झोपायचं आणि वर त्यांनाच धोका म्हणायचं, हे मला पटेनासं झालं. पण माणसांसाठीही माझे नियम आहेतच आणि ते मी सोडलेले नाहीत. तंबू रस्त्यावरून दिसता कामा नये. मुक्कामाचं ठिकाण कुणा अनोळखी माणसाला सांगायचं नाही, फोटो घरी पोचल्यावर टाकायचे. घरी एका माणसाकडे नकाशा, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची ती वेळ. आणि कुणी विचारलं, एकट्याच का, तर खोटं बोलायचं.

त्या संध्याकाळी मी खोटंच बोलले होते. गाडीरस्ता संपतो तिथे मोटरसायकलवरच्या माणसाने विचारलं, "ताई, एकट्याच?" मी म्हटलं, "नाही, आमचे हे मागून येतायत." तो मान हलवून गेला. मी आत चालत जाऊन ओढ्याच्या वर झाडीत तंबू लावला. वरच्या चढावर अस्वलाची ताजी विष्ठा दिसली होती, फळांच्या बियांनी भरलेली, शेजारी उकरलेलं वारूळ. म्हणून मुद्दाम खाली, लांब उतरले होते.

रात्री रस्त्याच्या टोकाला मोटरसायकली थांबल्या. बॅटऱ्यांचे उजेड ओढ्याच्या कडेने वर येऊ लागले. मी दिवा विझवलेलाच होता. बूट चढवले, फोन आणि बीकन, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदत मागायचं छोटं यंत्र, खिशात टाकले आणि तंबूची चेन उघडायला घेतली. एवढ्या हळू मी आयुष्यात काही उघडलेलं नाही. मागच्या बाजूने सरपटत बाहेर पडले. उजेड नव्हता अशी एकच दिशा होती, वरचा चढ, अस्वलाचा.

अस्वलाच्या वाटेवर अंधारात जायचंच नाही, आणि जावंच लागलं तर उजेड हवा, बोलत, टाळ्या वाजवत जायचं. अस्वल दचकलं की अंगावर येतं, म्हणून आपण येतोय हे त्याला आधी कळू द्यायचं. आणि मी दिवा न लावता, श्वास दाबून चढत होते, कारण खाली माणसं होती. एका धोक्यापासून वाचायचं ते दुसऱ्याला आमंत्रण. हे मला कुठल्याही पुस्तकात किंवा शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं. बीकनचं बटण दाबलं असतं तर ४०६ मेगाहर्ट्झवरचा संदेश उपग्रहाने उचलला असता, पण सुटका करणारे लोक यायला काही तास लागतात.

ते तंबूपाशी थांबले. तिघं असावेत. एकाने कापडावर थाप मारली. मग हाक आली, "ताई! साहेब पोचले का?"

तोच आवाज. थोड्या वेळाने म्हणाला, "इथं जनावर येतं ताई, खाली चला गावात." मग आपसात काहीतरी हळू बोलले, कुणीतरी हसलं, की खोकलं. उजेड झाडांवरून फिरला, माझ्या डोक्यावरूनही गेला. मग ते उतरून गेले. उजाडेपर्यंत मी तिथून हलले नाही. तंबूतलं काहीही गेलेलं नव्हतं.

हे मी ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे म्हणाले, नशीब म्हणून वाचलीस. बाकीचे म्हणाले, बिचारे काळजीने आले होते. दोघांचाही मला राग आला. कारण "साहेब पोचले का" हे काळजीने विचारलेलं असू शकतं, आणि बाई अजून एकटी आहे का याची खात्री करून घ्यायलाही असू शकतं. शब्द तेच. मध्यरात्री माझ्यापाशी तेवढेच शब्द होते. ते चांगलेच लोक होते असं उद्या सिद्ध झालं तरी मी पुन्हा तशीच वर चढेन. आणि तरीही, एक माणूस रात्री एवढं चालत मला न्यायला आला असेल आणि मी त्याला ओ दिली नसेल, हेही मला सोडत नाही.

हत्यार बाळगते का, हाही प्रश्न असतो. नाही. अस्वल असेल तिथे, आणि जिथे परवानगी असेल तिथे, अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेला असतो. अलास्कातल्या १९८५ ते २००६ च्या नोंदींमध्ये त्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा थोपवलं होतं. माणसांच्या बाबतीत असा आकडा माझ्याकडे नाही. चाकू स्वयंपाकाचा आहे आणि तेवढ्यासाठीच राहील.

पुतणी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा एकटी जाणार आहे. वहिनी माझ्यावर चिडल्यात, आणि त्यांचं काही चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पिशवी किती लांब ठेवायची, बूट कुठे, बीकन कसं दाबायचं, सगळं मी तिला शिकवलंय. काल तिने विचारलं, "आत्या, कोणी विचारलं तर खरं सांगू की खोटं?" मी म्हटलं, खोटं सांग. ती म्हणाली, "मग ते खरंच माझ्या काळजीने आले तर?" यावर आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. आज ती पुन्हा येणार आहे.