बाळाला सहा महिन्यांच्या आत शुगर निघाली तर

आधी मुख्य गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत त्याला डायबेटिस निघाला तर तो टाइप वन (ज्यात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं) असण्याची शक्यता फार कमी असते, बहुतेक वेळा तो एकाच जीनमधल्या बदलामुळे झालेला असतो, त्यामुळे त्या बाळाची जीन टेस्ट व्हायलाच हवी. आणि आज तो मुलगा पंधरा-वीस वर्षांचा झाला असेल, रोज इन्सुलिन टोचून घेत असेल, तरीही ही टेस्ट करायची. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही.

का ते सांगते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीला, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीला, पोटॅशियमचं एक दार असतं. रक्तात साखर वाढली की पेशीत एटीपी (पेशीचं इंधन) तयार होतं, त्याने हे दार बंद होतं, मग कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. काही बाळांमध्ये केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जीनमध्ये बदल असतो आणि दार उघडंच राहतं. म्हणजे इन्सुलिन पेशीत तयार आहे, फक्त बाहेर पडत नाही! केसीएनजे११ चा हा संबंध २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या टीमने दाखवला, आणि गंमत अशी की हे दार बंद करणारं औषध तेव्हा कित्येक दशकं बाजारात होतं. ग्लिबेनक्लामाइड, आपल्याकडे आजी-आजोबांच्या डब्यात असायची ती साधी, स्वस्त शुगरची गोळी. २००६ मध्ये केसीएनजे११ वाल्या ४९ जणांना ती देऊन बघितली तर ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद झालं, शुगर उलट आधीपेक्षा चांगली राहिली, आणि पुढे दहा वर्षांनी अशाच ८१ जणांचा आढावा घेतला तेव्हा ७५ जण नुसत्या गोळीवर होते. मला अजूनही हे वाचताना भरून येतं, कारण तान्ह्या बाळाला दिवसातून चार वेळा सुई टोचणाऱ्या आया मी बघितल्यात.

डोस मात्र मोठ्यांसारखा नसतो, वजनावर ठरतो आणि बराच जास्त लागतो, त्यामुळे हे एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या) डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतं. घाई एवढ्यासाठी की हेच दार मेंदूतल्या पेशींनाही असतं. काही मुलांना बसायला-बोलायला उशीर होतो, फिट येतात, आणि गोळी जितकी लवकर सुरू होईल तितका तिथेही फायदा होण्याची आशा जास्त.

अजून एक प्रकार लक्षात ठेवा. काही बाळांची शुगर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जाते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, फाइल कुठेतरी माळ्यावर जाते, आणि मग वयात येताना अनेकांना ती परत येते. तेव्हा नवा डॉक्टर नव्याने टाइप वन लिहितो कारण त्याला जुनं काहीच माहीत नसतं.

मोठ्यांमध्ये याचाच भाऊबंद म्हणजे मोडी (MODY), एकाच जीनमधल्या बदलामुळे तरुण वयात येणारी शुगर. आई किंवा वडिलांकडून एक बदललेला जीन येतो, प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. आमच्या भागात एक घर आहे, आजी, वडील, मुलगी, तिघंही सडपातळ, तिघांनाही पंचविशीच्या आत शुगर. मुलीला कॉलेजात असताना टाइप वन म्हणून इन्सुलिन सुरू झालं होतं. एका डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची वयं विचारली, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय का ते कळतं) आणि गॅड अँटीबॉडी (टाइप वनची खूण) या रक्ताच्या टेस्ट करायला सांगितलं, मग जीन टेस्ट, आणि निघाला एचएनएफ१ए या जीनमधला बदल, म्हणजे मोडी. आता ती कमी डोसच्या गोळीवर आहे. मोडीचाच जीसीके नावाचा अजून एक प्रकार असतो, त्यात उपाशीपोटीची शुगर जन्मभर थोडीशी वर राहते आणि बहुतेकांना औषधच लागत नाही, तरी लोक वर्षानुवर्षं गोळ्या खात असतात.

पण आपल्याकडे टाइप टूसुद्धा तरुण वयात आणि बारीक माणसांना होतो, म्हणून घरात सगळ्यांना शुगर आहे म्हणजे मोडीच असं धरून चालू नका. आणि हे वाचून कुणीही स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नका, कृपा करून. खरा टाइप वन असेल तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.

माझी खरी तळमळ वेगळीच आहे. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म (बीपी, शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायचा सरकारी फॉर्म) भरतात तो तीस वर्षांपुढच्यांचा. त्यात घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयरोग आहे का हे विचारतात, पण शुगर कितव्या वर्षी निघाली हे विचारत नाहीत. मोडीचं घर ओळखायचं तर ते वयच लागतं, आणि ही माणसं तिशीच्या आधीच आजारी पडलेली असतात. एक रकाना वाढवा एवढंच म्हणणं आहे. गावात कुणाच्या घरात काय आहे हे आशाताईइतकं कुणाला माहीत असतं?

टेस्ट कुठे होते हे खूप जण विचारतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या जीन्सवर बरीच वर्षं काम चालू आहे, आणि नऊ महिन्यांच्या आत डायबेटिस निघालेल्यांची टेस्ट एक्सेटरवाले जगातल्या कुठल्याही देशातून सॅम्पल आलं तरी मोफत करत आलेत. सॅम्पल तुमच्या डॉक्टरांमार्फतच जातं. जाताना शुगर पहिल्यांदा निघाल्याची तारीख असलेला कागद न्या, जन्माचं वजन न्या (पोटात असताना बाळाची वाढ इन्सुलिनवर होते, त्यामुळे ही बाळं बऱ्याचदा कमी वजनाची जन्मतात), आणि शक्य असेल तर आईवडील दोघांनीही जा, त्यांचंही रक्त लागू शकतं.