एसईईचा मागचा बॅकहो उतरवताना

अमेरिकन सैन्याने 1980च्या दशकात घेतलेला एसईई (स्मॉल एम्प्लेसमेंट एक्स्कॅव्हेटर, खंदक खणणारी गाडी), म्हणजे फ्रेटलायनरच्या नावाचा युनिमॉग 419, मर्सिडीज-बेंझचा ट्रक: पुढे माती उचलणारा लोडर, मागे बॅकहो, म्हणजे खोदणारा हात. लिलावात घेतलेल्या या गाडीचा बॅकहो काढून मागे क्रेन किंवा दुसरं अवजार लावायचं, तर खरं काम हायड्रॉलिकच्या नळ्यांचं असतं.

गाडी सपाट काँक्रीटवर लावा. बॅकहोचे पाय आणि बकेट जमिनीवर टेकवा, फ्रेमखाली भक्कम ठोकळे द्या. इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, म्हणजे नळ्यांत अडकलेला दाब उतरतो. हे चुकलं तर कपलिंग सुटत नाही, सुटलंच तर तेल अंगावर उडतं. प्रत्येक होजला खुणेची पट्टी बांधा, तोंडं लगेच टोपणांनी बंद करा. वाळूचा एक कणही व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकणारा दांडा, ओरखडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. या गाडीसारख्या ओपन सेंटर सर्किटमध्ये, म्हणजे लिव्हर मधे असतानाही वाट उघडी ठेवणाऱ्या रचनेत, पंपाचं तेल सतत फिरून टाकीत परत जायला हवं. बॅकहो काढल्यावर दाबाची नळी नुसती बंद केली, तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) जातं, तापतं आणि पंप बाद होतो. म्हणून दाबाची नळी परतीच्या नळीला जोडाच. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात कधीच नाही. बारीक धार कातडीत घुसते.

मागचं वजन गेल्यावर भरलेला लोडर मागची चाकं हलकी करतो, तेव्हा मागे वजन बांधा. तेवढ्यात चारही पोर्टल हबचं, म्हणजे चाकांजवळच्या गिअरपेट्यांचं, तेल पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सील बदला.